विसावं पान

“मामा, घंटा झाली का हो?” कॅन्टीनच्या दारातून बाईंनी विचारलं. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात काठी. विरोधी बाकावरच्या सभासद. पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्या बाई.

“नाही हो. निवांत चहा घ्या. मी आहे ना!”

तेहेतीस वर्षं मी हेच बोलतोय. सभागृहाबाहेर स्टुलावर बसायचं, मतदान आलं की भिंतीवरचं बटण पाच मिनिटं दाबून धरायचं. घंटा इमारतभर घणघणते, सभासद असतील तिथून धावत येतात, मग दारं बंद. मी रजिस्टरात सही करायची: घंटा पाच मिनिटे वाजवली. सही नसेल तर मतदान बाद. “माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही,” असा तोरा मी घरी मिरवायचो. बायको म्हणायची, “बरं बरं, आधी दळण आणा.”

दोन वर्षांपूर्वी साथ आली. बायकोला श्वास लागला आणि दवाखान्यात खाट मिळेना. सभागृहाच्या सचिवसाहेबांनी एक फोन केला, तासाभरात मिळाली. त्याच दुपारी त्यांनी रजिस्टर पुढं केलं.

“मामा, तुम्ही दवाखान्यात थांबणार. इथं काम अडायला नको. वीस पानांवर सह्या करून ठेवा, तारीख आम्ही घालू. साथ आहे तोवरच.”

केल्या. घरचं माणूस जाता जाता राहिलेलं असताना कुणाला सुचतात नियम? सरकारचे प्रमुख तेव्हा रोज टीव्हीवर हात जोडून दिसायचे. आम्ही तर त्यांना देवच मानायचो.

बायको वाचली. साथ गेली. सह्यांची पानं मात्र तशीच चालू. कधी पूर, कधी दंगल, निमित्त निघायचंच, आणि एखादा कायदा घंटेवाचून होऊन जायचा. दोनदा मी रजिस्टर परत मागितलं. “वहिनी बऱ्या आहेत ना आता?” सचिवसाहेब हसून विचारायचे. मी परत स्टुलावर येऊन बसायचो.

आज सचिवसाहेब रजिस्टर काखोटीला मारून आले आणि दरवानाला दारं लावायला सांगू लागले.

“साहेब, घंटा?”

“आज गरज नाही. निवडणूक पुढं ढकलायचा ठराव आहे. परिस्थिती निवळेपर्यंत.”

“कसली परिस्थिती? बाहेर बाजार फुललाय!”

त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. विसावं पान, शेवटचं. सही माझी, तारीख आजची. “तुमचीच आहे ना?” म्हणाले आणि आत गेले. दारं लागली.

अंगाची लाही लाही झाली. राग त्यांचा, त्याहून माझा स्वतःचा. सरकारी बाजू आधीच आत जाऊन बसली होती; कॅन्टीनमध्ये विरोधी बाकांवरची चाळीस माणसं माझ्या भरवशावर चहा पीत होती. मी बटणावर अंगठा ठेवला आणि घड्याळ लावून पाच मिनिटं दाबून धरला.

सगळे धावत आले. बाई शेवटी, लंगडत. काठीनं त्यांनी दार ठोठावलं. आत बाकं वाजली. ठराव झाला होता.

“मामा, आज एवढा उशीर कसा केलात?” आवाजात राग नव्हता. म्हणून जास्त लागलं.

“बाई, माती खाल्ली मी.” आणि सगळं सांगून टाकलं. खाट, वीस पानं, सगळं.

बाईंनी काठी भिंतीला टेकवली. मग पिशवीतून एक कोरा कागद काढला. “लिहून द्याल? कोर्टात जाऊ आम्ही. पण नोकरी जाईल हो तुमची.”

“जाईल. आणि पुढच्या वेळी खाटही मिळायची नाही.”

“मग घरी विचारून या. मी थांबते.”

“नको. विचारायला गेलो, तर परत यायचा नाही मी.”

स्टुलावर कागद ठेवला, गुडघे टेकले. लिहिलं: आज घंटा दारं बंद झाल्यावर वाजली. आधी वाजली नव्हती. खाली सही केली, आणि तारीख माझ्या हातानं घातली, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळही.