सोबतचा माणूस

"आँ! मामा, कोण गेलं?"

भज्यांचा झारा हातात तसाच धरून अंगदनं विचारलं. मी न्हाव्याकडून डोकं गुळगुळीत करून नुकताच दुकानाशी आलो होतो. वाटूर फाट्यावर माझं शिलाईचं दुकान, शेजारी त्याची गाडी. केस उशीवर पुंजक्यांनी येऊ लागले, तेव्हा म्हटलं, एकदाची कटकट संपवावी. डोक्यावरून वस्तरा फिरला की आपल्याकडं घरात कुणीतरी गेलेलं असतं, हे माझ्यासारख्या मूर्खाच्या ध्यानातच आलं नाही.

खरं तर मी त्याच्याकडेच निघालो होतो. जालन्याला माझी केमो चालू आहे, गावात कुणाला ठाऊक नाही. औषध शिरेतून अंगभर फिरतं, भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. केस आणि तोंडाची आतली कातडीही भराभर वाढते, म्हणून त्यांचीही वाट लागते. दर एकवीस दिवसांनी एक, असे सहा डोस. पहिल्यालाच सिस्टरनं दम भरला, "पुढच्या बारीला सोबत माणूस न्हाई, तर सलाईन लावणार न्हाई. चक्कर आली तर धरील कोण?"

"बोला की मामा!"

"थोरला भाऊ," तोंडातून निघून गेलं. मेलं आगाऊ तोंड! मला कुठला आलाय भाऊ?

अंगदनं शेगडी बंद केली. दुपारपर्यंत माझ्या खोलीत आठ-दहा माणसं जमली. त्याची बायको मीना पिठलं-भाकरी घेऊन आली. "सुतकात चूल पेटवू नका मामा. खा दोन घास." तोंड सोलून निघालं होतं, पिठल्याला लोखंडाची चव लागत होती. तरी खाल्लं. वीस वर्षांत इथं एवढी माणसं बसली नव्हती. लाज वाटत होती, आणि कुणी उठू नये असंही वाटत होतं.

निघताना अंगद म्हणाला, "काही लागलं तर सांगा. लाजू नका, बरं का."

सांगायचंच होतं. पण मग ते पिठलं, ती बंद ठेवलेली गाडी, सगळं माझ्या थापेपायी झालं म्हणायचं. कोणत्या तोंडानं?

"न्हाई रे. काही न्हाई."

मंगळवारी पहिल्या एसटीनं एकटाच गेलो. रक्त तपासलं, पेशी बराबर निघाल्या.

"सोबत कोण हाय?" सिस्टरनं विचारलं.

"आलाय की. खाली चहा पिऊन राह्यला."

"नाव?"

"अंगद."

"कोण तुमचा?"

"भाऊ."

तिनं लिहून घेतलं. सुई टोचली, सलाईन सुरू केलं. जाताना भिंतीजवळची खुर्ची ओढून माझ्या पलंगाशी ठेवली, तो आल्यावर बसायला.