ओल लागलेला स्फटिक

मित्रांनो, मी एक जुना स्फटिक आहे. खरं तर त्या स्फटिकाचं जेवढं उरलं, तेवढाच मी आहे. माझ्याकडे फार दिवस नाहीत, म्हणून भरभर सांगतो.

माझा जन्म भट्टीत झाला. तांबं, लिथियम आणि ऑक्सिजन असलेली पूड ताईंनी खलात घोटली, मुशीत वितळवली आणि अगदी सावकाश थंड केली. ताई म्हणजे तिथल्या संशोधक. प्रयोगशाळेतले सगळे त्यांना ताईच म्हणत. मूस फोडून त्यांनी मला बाहेर काढलं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाल्या, "काय देखणा निघालास रे." तेव्हा मी काळाभोर होतो, आरशासारखा चमकायचो.

माझ्या पोटात तांब्याचे अणू रांगांनी बसलेले आहेत. प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला चुंबक. प्रत्येकाला लगतच्या शेजाऱ्यासारखंच तोंड करायचं असतं, पण एक सोडून पलीकडच्याकडे मात्र पाठ फिरवायची असते. दोन्ही एकदम कसं जमणार? एरवी उष्णतेच्या गडबडीत हे भांडण खपून जातं. पण द्रवरूप हेलियमने मला कडाक्याचं गार केलं, की ते मिटवावंच लागतं. मग प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा थोडासा वळून बसतो आणि सगळी रांग गोल जिन्यासारखी फिरत जाते. त्या वळणाने माझ्यातला विद्युतभारही किंचित सरकतो. चुंबकांच्या मांडणीतून अशी वीज जागी होणारे पदार्थ फार थोडे आहेत.

ताईंनी माझ्या दोन्ही अंगांना चांदीच्या लेपाने केसासारख्या बारीक तारा चिकटवल्या आणि मला गार केलं. भार सरकल्याची खूण म्हणून पडद्यावर एक टोकदार रेघ उभी राहिली. ताई खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या. त्यांचे मार्गदर्शक सर शेजारच्या खोलीतून आले. "नाव काढलंस पोरी," ते म्हणाले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

ताईंचा शोधलेख छापून आला, पण पुढे तसा दुसरा स्फटिक निघेना. नंतर जन्मलेले माझे भाऊ दिसायला माझ्यासारखेच, पण आतून उभे-आडवे तुकडे एकमेकांत घुसलेले. त्यांच्यात रेघ दिसेना. परगावच्या एका प्रयोगशाळेनेही आपल्याला काही दिसलं नाही असं कळवलं. मग ताईंनी ती रेघ रचली, अशी कुजबुज सुरू झाली. ताई चहाला आल्या की टेबलावरचं बोलणं थांबायचं.

"सर, हाच पुन्हा मोजू या," ताई म्हणाल्या.

"हेलियम संपत आलंय. एकदाच मिळेल."

"एकदाच पुरे."

मला पुन्हा गार करायला घेतलं. अर्ध्या वाटेत लेप तडकला आणि एक तार सुटली. मित्रांनो, माझ्या आत जिना फिरला होता, भार सरकला होता, सगळं पहिल्यासारखंच होतं. मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, पण सांगायची वाटच तुटली होती. पडद्यावर नुसती खरखर.

"तार सुटलीय, सर. त्याचा दोष नाही."

सर चष्मा पुसत राहिले. "एकाच स्फटिकात, एकदाच दिसलेलं मी कुणाला दाखवू? शोधलेख मागे घेऊ या."

"म्हणजे मी खोटं बोलले?"

"मी तसं म्हटलं नाही."

"लोक तसंच म्हणतील."

तसंच झालं. ताई नोकरी सोडून गेल्या. जाताना माझ्या डबीत ओल शोषणारे निळे मणी भरले आणि सरांना म्हणाल्या, "हे गुलाबी झाले की बदला. याला दमट हवा सोसत नाही."

"बदलतो," सर म्हणाले.

ते वाईट नव्हते. विसरले. मणी गुलाबी झाले आणि ओल माझ्या फटींतून आत शिरली. थर फुगले, सुटले, अंगावर राखाडी साय धरली. कपाटाचं दार उघडायचं, कुणाचा तरी हात माझ्या शेजारची बाटली उचलायचा आणि दार लागायचं. दर वेळी वाटायचं, आता तरी माझ्याकडे बघतील.

शेवटी सर आले, घाईघाईने. परगावच्या त्याच लोकांना एका चांगल्या स्फटिकात ती रेघ सापडली होती. सरांनी डबी उघडली आणि मला दिव्याखाली धरलं. मग पात्याने माझी साय सोलू लागले. मी भुगा होत गेलो. आत चमकणारी एक कणी उरली, दोन तारा लावायलाही अपुरी.

त्यांनी ताईंना फोन लावला. "अगं, तुझं बरोबर होतं. पण तो स्फटिक गेला गं. मी मणी बदलले नाहीत."

पलीकडून ताईंनी विचारलं, "काहीच उरलं नाही?"

"कणीभर आहे."

"मी आता शाळेत शिकवते, सर. भट्टी कधीच सुटली." "मला तेव्हा दिसलं होतं, एवढं तुम्ही लिहाल का?"

सर काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही.

आता मी कोरड्या डबीत आहे, पण आत शिरलेली ओल बाहेर निघत नाही. मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही असं काही कुणी तुमच्या हाती सोपवलं, तर त्याच्याकडे अधूनमधून बघत जा. आणि ज्याने सोपवलं, त्याचीही विचारपूस करा. माझं व्हायचं ते होईल. ताईंबद्दल मात्र अजून कुणी काही लिहिलेलं नाही.