‘सोनाबाई’चा माग

दिवाळीनंतरच्या धुक्यात ‘सोनाबाई’ खाडीच्या तोंडाशी बुडाली. ती चालवणारा तांडेल महादेव पोहून वाचला. त्याचा मेहुणा धर्मराज वाचला नाही. महादेव पहिल्यापासून एकच सांगत होता: धुक्यातून मालवाहू बार्ज आली, बोटीच्या डाव्या कुशीत घुसली आणि न थांबता निघून गेली. बार्जच्या कंपनीनं सांगितलं की आमची बार्ज कशालाही लागलेली नाही, बोटीच्या फळ्या कुजल्या होत्या आणि तांडेल प्यायलेला होता. सरकारी अहवालात कंपनीचंच म्हणणं चढलं.

महादेव दारूला शिवत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण त्यानं खाडीकडे जाणंच सोडलं. जाळी पडवीत तशीच पडून राहिली. त्याची बायको भामा पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. धर्मराज तिचा पाठचा भाऊ. भावाचं दिवसपाणी उरकल्यावर ती पुन्हा पाटी घेऊन बाजारात बसली, आणि गिऱ्हाईक नसलं की एकाच गोष्टीचा विचार करू लागली. बोट खाली आहे. तिची कूस फुटली असेल तर ते कुशीवरच दिसेल.

कंपनीनं एकदा आपल्या माणसांकडून शोध घेतला होता आणि तळाशी भंगाराखेरीज काही नाही असं कळवलं होतं. कुठलं यंत्र फिरवलं, हे भामानं दोनदा जाऊन विचारलं. कुणी सांगितलं नाही. तेव्हा ती स्वतःच यंत्र शोधायला निघाली.

पनवेलच्या एस.टी. स्टँडमागे दिपिका नावाच्या मुलीचं सर्वेक्षणाचं छोटं ऑफिस होतं. पूल आणि जेट्ट्यांसाठी ती पाण्याखालचा तळ मोजून द्यायची. भामानं सगळं सांगितल्यावर दिपिकानं तिला चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, की बोट लाकडाची की लोखंडाची?

लाकडाची, इंजिन तेवढं लोखंडाचं, असं कळल्यावर दिपिकाच्या लक्षात आलं. कंपनीनं बहुधा लोखंड हुडकणारं यंत्र फिरवलं असावं. खाडीत साखळ्या, नांगर, तुटके पाइप यांचा खच पडलेला; त्यात एका इंजिनाचा काय पत्ता लागणार? पाण्याखालचा कॅमेराही कामाचा नव्हता, कारण आपल्या खाडीत वीतभर पुढचं दिसत नाही. मासे दाखवणारं यंत्र स्वस्तात मिळतं, पण ते होडीच्या थेट खालचंच पाहतं. राहिलं एकच यंत्र, ‘सोनार’. माशासारखा लांबट, होडीमागे दोरीनं ओढायचा. तो दोन्ही बाजूंना आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून तळाचं चित्र काढतो. उंच वस्तू असली तर तिची सावलीसुद्धा पडते.

“मी तर हाच घेईन, मावशी,” दिपिका म्हणाली. “पण बोट पुरती गाळात गेली असेल, तर यालाही दिसणार नाही. हे आधीच सांगून ठेवते.”

आपल्या मालात खोट काढणारी ही पहिलीच, असं भामाच्या मनात आलं. तरी तिचा जीव निवेना. भाड्यानं एकच यंत्र घेता येणार होतं आणि ते चुकलं तर दुसरी संधी नव्हती.

“माजी लाकडाची होडी हाय लहान,” ती म्हणाली. “ती मी खाडीत बुडवतंय. कुटं ते सांगनार नाय. तुजी सगली यंत्रं घेऊन ये आन शोध. ज्याला गावंल, ते मी घेईन.”

दिपिका हसली आणि कबूल झाली.

ही बातमी कंपनीपर्यंत कशी गेली कोण जाणे. होडी बुडवायच्या आदल्या संध्याकाळी अपूर्व नावाचा त्यांचा अधिकारी घरी आला. माणूस गोड बोलणारा. मुंबईहून याहून मोठं यंत्र आम्ही आणतो, म्हणाला, तुम्ही कशाला तोशीस सोसता? धर्मराजच्या मुलाला, भावेशला, कंपनीत कायमची नोकरी. फक्त आमच्या शोधात जे निघेल ते तुम्ही शेवटचं मानायचं, एवढं आधी लिहून द्यायचं.

भावेश तिशीचा होता, तळोज्याच्या कारखान्यात कंत्राटावर पाळ्या करायचा. नोकरीचं नाव निघाल्यावर त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. भामानं त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली की बाप तुझा गेलाय, तू सांगशील तसं. पोरगा हो म्हणाला असता तर त्याला दोष द्यायची तिची हिंमत नव्हती.

भावेश उठून अंगणात गेला. परत आला तो अपूर्वकडे न बघता म्हणाला,

“आत्ते, होडी बुडवायची कुटं, ते ठरवूया चल.”

अपूर्वनं कागद घडी करून खिशात घातला. सहा महिन्यांनी हेच मागायला याल, असं जाताना म्हणाला. भामानं त्याला फाटकापर्यंत सोडलं. “आमी येनार नाय,” ती म्हणाली. “तुमालाच आमच्या दारात यायला लागंल.”

दुसऱ्या दिवशी भरतीला आत्या-भाच्यानं होडीत दगड भरले आणि ती बुडवली. पाणी कडेवरून आत आलं तेव्हा भामाला धर्मराजची आठवण झाली आणि तिनं तोंड फिरवलं. मग दिपिका यंत्रं घेऊन आली. मासेवाल्या यंत्रानं सकाळभर चकरा मारल्या, हाती काही लागलं नाही. लोखंडवाल्यानं एक गंजका पलंग आणि कुणाचा तरी नांगर शोधून दिला. सोनार पहिल्या फेरीत चुकला. दुसऱ्या फेरीला पडद्यावर भाताच्या दाण्यासारखा आकार उमटला आणि त्याला चिकटून काळी सावली. भावेशनं पाण्यात उडी टाकून हातानं चाचपलं आणि वर येऊन मान डोलावली.

“ह्योच,” भामा म्हणाली.

शोध भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत घ्यायचा ठरला, कारण तेव्हा खाडीची ओढ मंद असते. पण सुरुवात कुठून करायची, ते महादेवखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. भामा पडवीत त्याच्यासमोर बसली. तुम्ही नाही आलात तरी आम्ही जाणार, पण आंधळ्यासारखं फिरणार, असं तिनं सांगितलं. पहाटे ती धक्क्यावर गेली तेव्हा तो आधीच दिपिकाच्या होडीत बसलेला होता, सुकाणू हातात धरून.

पहिला दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी कंपनीची बार्ज मुद्दाम जवळून गेली. लाटांनी होडी हिंदकळली आणि सोनारची दोरी तुटता तुटता राहिली. महादेवनं होडी वळवली ती थेट शोधाच्या मूळ रेषेवर आणली. दुपारी दिपिकानं त्याला पडद्याजवळ बोलावलं. लांबट आकार, अर्धा गाळात. त्याची सावली मधोमध तुटलेली होती. तिथं बोटीची कड नव्हतीच, दिपिकानं समजावलं, म्हणून तिथं सावली पडत नाही.

“डावी बाजू,” महादेव म्हणाला, आणि बोट बुडाल्यापासून पहिल्यांदा रडला.

पुढचं गावानं केलं. पाणबुड्यांनी चाचपडत दोर बांधले, ओहोटीला ते होड्यांना करकचून आवळले आणि चढत्या भरतीनं ‘सोनाबाई’ला गाळातून उचललं. पोलिसांसमोर पंचनामा झाला. फळ्या ठणठणीत सागवानी होत्या, आतल्या बाजूला मोडलेल्या, आणि त्यांच्यात बार्जचा तांबडा रंग खोलवर रुतलेला. बार्जच्या चालकावर गुन्हा दाखल झाला. प्यायलेला तांडेल आणि कुजलेल्या फळ्या हे शब्द जुन्या अहवालातून काढावे लागले. खटला अजून चालू आहे. अपूर्व तडजोडीसाठी दोनदा येऊन गेला; भामानं त्याला पाणी दिलं आणि वकिलाचा पत्ता दिला.

कोर्टानं पुरावा म्हणून बोट जपून ठेवायला सांगितली, तेव्हा भामानं ती गावच्या धक्क्यावर चढवून घेतली. मोडकी बाजू भिंतीकडे करा, वाईट दिसतं, असं कुणीतरी सुचवलं. तिनं ती खाडीकडे करवली. बार्जना ये-जा त्याच वाटेनं करावी लागते.

“बगू देत,” ती म्हणाली, आणि पाटी उचलून बाजाराला गेली.