लीलाबाईच्या लिंबोणीची झारी

मित्रांनो, परसातल्या भिंतीशी पालथी पडलेली ही गंजकी झारी बघून आता कुणी थांबत नाही. माझ्या बुडाला तीन भोकं पडली आहेत, त्यामुळे पाणी काही टिकत नाही. एक गोष्ट मात्र माझ्या पोटात राहून गेली आहे. ती आज सांगून टाकते.

मी जन्माने रॉकेलचा डबा. पौडच्या बाजारात मोहिद्दीनभाईंनी माझा पत्रा कापला, डाख देऊन लांब नळी जोडली आणि नळीच्या तोंडाला खिळ्याने बारीक भोकं पाडली. मला विकत घेणारा भिवाजी पलटणीत शिपाई होता. रजेवर आला असताना त्याने भुकूमच्या आपल्या घरामागे लिंबोणीचं रोप लावलं होतं. मोहिद्दीनभाईंनी त्याला बजावलं, "बुडात पानी वतू नका. दुपारी झाडाची सावली जितवर पडती, तिच्या कडंकडंनं घाला. मुळ्या तितं पानी पित्यात."

रजा संपली. जाताना भिवाजीने ते बायकोला, लीलाबाईला, समजावलं आणि म्हणाला, "दिवाळीला येतो. तवर ह्या लिंबोणीला जप."

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यात नवरा घरी राहिला होता जेमतेम पन्नास दिवस. सासूसासरे केव्हाच गेलेले. लीलाबाई सकाळी मला भरायची, मेथीला आणि वांग्यांना पाणी घालायची आणि शेवटी लिंबोणीपाशी येऊन तिच्याशी बोलत बसायची. भोकांत माती अडकली की खराट्याच्या काडीने काढायची, "झारीतला शुक्राचार्य निघाला" म्हणायची आणि एकटीच हसायची. माझ्याशी ती कधी बोलली नाही. पत्र्याशी कोण बोलणार? तरी मला वाईट वाटायचंच.

आता जे सांगते त्याचं तुम्हाला नवल वाटेल. त्या काळी बाईमाणसाला महिन्यातले चार दिवस बाजूला बसावं लागे. तिने कशाला शिवायचं नाही, झाडाला तर नाहीच नाही. लीलाबाई एकटी असूनही हे कडक पाळायची. त्या चार दिवसांत शेजारची धोंडाबाई भाकरी घेऊन यायची आणि झाडांना पाणी घालायची. धोंडाबाई साठीची, तीही घरात एकटीच. बाई मायेची, पण मला नावं ठेवायची. "ह्या चिमणीच्या चोचीनं कुटं तहान भागतीया?" असं म्हणून सरळ घागर लिंबोणीच्या बुडात उपडी करायची.

उन्हाळ्यात लिंबोणीची पानं पिवळी पडली. धोंडाबाईने ती चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "लीले, तुजी सावली पडली गं हिच्यावर. विटाळ लागला."

लीलाबाईचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून ती लिंबोणीकडे फिरकेनाशी झाली. धोंडाबाई आता रोज यायची, रोज दोन घागरी ओतायची आणि मग पडवीत बसून घटकाभर गप्पा मारायची. बुडाशी चिखल साचला. पानं गळायला लागली. मला सगळं दिसत होतं, मित्रांनो, पण नळी असून मला बोलता येत नव्हतं.

मग धोंडाबाई भाचीच्या लग्नाला घोटावड्याला गेली ती पंधरा दिवस आलीच नाही. त्यातच लीलाबाईचे चार दिवस आले. ऊन मी म्हणत होतं. तीन दिवस ती पडवीतून झाडाकडे बघत राहिली. चौथ्या दिवशी उठली.

"माजी सावली तर पडलीच हाय," ती पुटपुटली. "मंग पानी तरी का न्हाई?"

तिने मला उचललं. पत्रा राखेने घासला की शुद्ध होतो, अशी तिने मनाची समजूत घातली. आधी खुरप्याने बुडाची माती उकरली. तिला कुजकट वास आला. ओली माती तिने बाजूला ओढली, बुंधा मोकळा केला आणि भर उन्हात झाडाची सावली कुठवर पडते ते बघून तिच्या कडेकडेने माझी धार फिरवली. पुढे ती माती चाचपून बघायची आणि कोरडी लागली तरच पाणी घालायची.

धोंडाबाई परतली तेव्हा लिंबोणीला तांबूस पालवी फुटली होती.

"कुनी घातलं गं पानी?"

"मीच. बाजूला बसल्याली असताना बी घातलं."

धोंडाबाईने वाकून बुडाची माती चाचपली. मग म्हणाली, "म्हंजी माज्या घागरीनंच कुजत हुती म्हन की." पदर सावरून ती निघाली. "बरं झालं. आता माजं काय काम हाय हितं?"

दिवाळीला भिवाजी आला तेव्हा लिंबोणी त्याच्या कमरेला लागत होती. झाड वाचलं. रजा संपली, तो गेला आणि घर पुन्हा गप्प झालं. धोंडाबाई कुंपणापलीकडे दिसायची, पण इकडे यायची नाही. लीलाबाई भाकरी थापून दाराशी बसायची आणि घास तसाच हातात राहायचा.

एका सकाळी ती मला घेऊन कुंपणापाशी गेली. तिचे चार दिवस नव्हते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

"मावशी," तिने हाक मारली, "मी बाजूला बसलीया. झाडास्नी पानी घाला की."

धोंडाबाईने तिच्याकडे पाहिलं. लीलाबाईच्या केसांत ताजं फूल होतं, हाताला पीठ होतं. म्हातारीला काय कळायचं ते कळलं.

"घागर आनू?"

"नगं. ही झारी घ्या."

धोंडाबाईने कुंपणावरून हात लांब केला.

मित्रांनो, झाडाला पाणी माती चाचपून, बेतानं घाला. बुंधा मोकळा ठेवा, तण वेळेवर काढा आणि काम झालं की झारी कोरडी करून पालथी ठेवा. मला कुणी काम सांगितल्याला फार वर्षं झाली, तेव्हा ते दुखणं मला ठाऊक आहे. तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर त्याला एखादं काम सांगत जा. काम नसलं तरी सांगा.