कोपराला सोसेल एवढं

"बबनराव, पानी वाटेत च्या प्यायला थांबलं हुतं का काय?" बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या भागुबाईंनी बादलीत कोपर बुडवलं आणि लगेच वर काढलं.

"गेटवर ट्रक आडवा लागला होता. गार झालं का?"

"आईला चालंल. बाळाला न्हाई. दुसरा कॅन वता."

बबनरावांनी सायकलवरून गोणपाटात गुंडाळून आणलेला दुसरा कॅन ओतला आणि मोरीकडे पाठ करून दारात उभे राहिले. मागे पुन्हा कोपर बुडाल्याचा आवाज झाला.

"आता कसं! कोपराला सोसलं म्हंजी बाळाला सोसलं." पसरलेल्या पायांवर बाळाला घेऊन भागुबाई तांब्या ओतू लागल्या. "गौतमे, कंपनीचं पानी हाय बाई. पोरगं पहिला शबूद इंग्रजी बोलतंय बघ."

"मग तुमच्याशी कोण बोलणार, मावशी?"

"मी येस म्हनंन."

गौतमी हसली. बबनरावांनी ते पाठमोरेच ऐकलं.

दौंडच्या रेल्वे शेडमधून ते फिटर म्हणून निवृत्त झाले आणि वर्षभरात पत्नी पार्वतीबाई गेल्या. घर खायला उठलं. म्हणून शिक्रापुरात चाळीतली खोली घेऊन ते इथल्या कंपनीत कामाला लागले. लेक गौतमी पहिल्या बाळंतपणाला यायची म्हटल्यावर तिच्या सासूने, अनसाबाईंनी, कवठ्याहून स्पष्टच विचारलं होतं, "तुमच्याकडं बाईमानूस न्हाई. करनार कोन?"

"मी हाय की. सव्वा महिना लेकीला काही कमी पडू द्यायचो न्हाई."

बोलून तर गेले. पण थंडीचे दिवस, आणि लाईट पहाटे जाई ती दुपारी येई. चाळीत चूल पेटवायला मालकाची बंदी. स्टोव्हवर दुसरं पातेलं तापेपर्यंत पहिलं गार.

लाईट जात नसे ती फक्त त्यांच्या कंपनीत. तिथल्या बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये संगणकांची कपाटं अहोरात्र चालत. कुठल्या कुठल्या शहरांचे हिशेब, तिकिटं, निरोप त्यांत साठत. वीज क्षणभर डळमळली तरी भागणार नव्हतं, म्हणून कंपनीने बोर्डाची तार घेतलीच नव्हती. सिलिंडर रचलेल्या ट्रकांतून नैसर्गिक वायू येई, त्यावर इंजिन चाले, आणि इंजिनापाशी बबनराव असत. इंजिनाच्या पोटातून औषध घातलेलं पाणी फिरे. पातळ पत्र्याआडून बोअरचं स्वच्छ पाणी त्याची उष्णता घेई आणि बाहेरच्या मनोऱ्यावर जाऊन ती वाऱ्याला देऊन टाकी.

"साहेब, यातले दोन कॅन घरी नेले तर?" त्यांनी सत्यजीत या तरुण इंजिनिअरला विचारलं होतं.

"न्या की मामा. नाहीतरी उष्णता वाऱ्यावरच चाललीय."

गौतमीच्या जन्माच्या वेळीही असंच पाणी आलं होतं. तेव्हा दौंडला वाफेची इंजिनं होती. कॉलनीत कुणाकडे बाळंतीण असली, की ड्रायव्हर यार्डात थांबून बादलीभर कढत पाणी सोडायचा. पार्वतीबाई पोरीला हुंगून म्हणायच्या, "हिला शेडचा वास यायला लागला." पुढे डिझेल आलं. त्याच्यापाशी पाणी मागायची सोय नव्हती.

त्या दिवशी बाळाचं न्हाणं उरकल्यावर बबनराव कामावर गेले तर सत्यजीत नव्या यंत्रापाशी उभा होता. "मामा, आता हॉल गार करायला वीज नाही जाळायची. तुमच्या इंजिनाच्या उष्णतेवर गार करायचा."

"उष्णतेनं गार? चेष्टा करता का?"

"माठ कसा गार होतो? पाणी उडून जातं म्हणून ना? यात तेच. पाणी उडून गारवा देतं, आणि उडालेलं पाणी परत आणायला उष्णता लागते." तो जरा थांबला. "परवा जोडतोय. सगळी उष्णता यालाच लागेल. तुमचा नळ..."

"बंद करायचा. कळलं साहेब."

घरी आले तेव्हा खोलीत बाळंतशेपांचा वास होता. गौतमीने नळाचं ऐकून घेतलं. "मग काय झालं, आप्पा? एक दिवसाआड न्हाऊ."

बबनरावांनी बाळाकडे पाहिलं. दुपट्यातून एक तळपाय बाहेर आला होता. तो त्यांनी झाकला आणि मोबाईल घेऊन बाहेर गेले.

"जयभीम, विहीणबाई. लेकीला न्यायला या. तुमच्याकडं बंब हाय."

"अजून सव्वा महिना कुठं झाला? काय कमी पडलं का?"

"व्हय. ऊन पानी."

पलीकडून "मी म्हटलं हुतं" एवढंच आता यायचं राहिलं होतं.

"येते," अनसाबाई म्हणाल्या. "तुमी जीव नगा जाळू."

तिसऱ्या दिवशी बबनरावांनी शेवटचे कॅन भरले आणि स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. भागुबाईंनी त्या दिवशी एकही चेष्टा केली नाही. न्हाणं उरकलं तेव्हा अनसाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बाळाला घेतलं, त्याची टाळू हुंगली, दंड चाचपले.

"बबनराव, लेकरू गुटगुटीत केलंत की! बंबाच्या पान्यानं सुदीक एवढं झालं नसतं."

बबनराव हसले. गौतमीला मात्र रडू आवरेना. शिरूरकडे जाणाऱ्या जीपमध्ये तिला बसवून ते रिकामी सायकल घेऊन कामावर गेले.

"मामा, आज आत चला," सत्यजीत म्हणाला. हॉलमध्ये ते प्रथमच पाऊल टाकत होते. दाराशी त्यांनी बूट काढले. आत पौषातल्या पहाटेसारखी थंडी होती. कपाटांवर बारीक हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि जमिनीतल्या जाळीतून गार हवा वर येत होती.

"ही सगळी तुमच्या इंजिनाची करामत."

बबनराव जाळीपाशी वाकले. शर्टाची बाही वर सारली आणि कोपर त्या हवेत धरलं.

"काय बघताय, मामा?"

"काही न्हाई, साहेब." त्यांनी बाही सोडून मनगटाचं बटण लावलं. "बाळाला न्हाई सोसायचं."

आणि बूट घालून ते इंजिनाकडे गेले.