बारावरून सोळावर

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर. संगणकाच्या पेटीचे झाकण काढले की आत एक मोठी हिरवी पाटी दिसते. तिच्यावर जो काळा चौकोनी तुकडा बसवलेला असतो, तो मी. संगणक जे काही करतो, ते आधी माझ्यातून जाते.

माझा जन्म वाळूतून झाला. वाळू शुद्ध करून, तिच्या चकतीवर केसाहून बारीक रेषा कोरून मला घडवले. मी काम करतो ते तालावर. हिरव्या पाटीच्या कोपऱ्यात पत्र्याची एक लहान डबी असते, तिच्यात स्फटिक असतो. तो थरथरतो आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला मी एक पाऊल टाकतो. कारखान्याने माझा ताल ठरवून दिला होता: बारा मेगाहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला एक कोटी वीस लाख ठोके. मला वाटे, एवढा वेगवान दुसरा कोण असणार!

काही वर्षे मी हैदराबादच्या एका कचेरीत काढली. तिथे नवी यंत्रे आली तेव्हा रेल्वेतल्या सूर्यभानने मला जुन्यात विकत घेतले आणि गाडीत मांडीवर ठेवून आपल्या गावी, पूर्णेला आणले. त्याची बायको गीताबाई घरातच टायपिंगचा क्लास चालवी. तिने संगणकाचा क्लास काढायचे मनावर घेतले होते. पण घरात जागा नव्हती. स्टेशनजवळच्या रेल्वेच्या क्लबात, सगळे त्याला इन्स्टिट्यूट म्हणत, मागची एक खोली रिकामी पडून होती. तिची किल्ली आबासाहेबांकडे असे. हे निवृत्त गार्ड, क्लबाचे सेक्रेटरी आणि बुद्धिबळात पूर्णेचे वस्ताद.

ती खोली मिळावी म्हणून गणपतीत गीताबाईने क्लबाच्या हॉलमध्ये त्यांच्यासमोर मला बुद्धिबळ खेळायला बसवले. तिथे माझी फजिती झाली. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये खालची पातळी लावली की मी झटपट खेळे, पण पुढचे दिसत नसे. पहिल्याच डावात वजीर फुकट घालवला. वरची पातळी लावली तर चाल चांगली सुचे, पण तोवर घड्याळातली वेळ संपे.

"बाई, तुमचा डबा विचार करायलाय का झोपलाय?" आबासाहेब म्हणाले. हॉल हसला.

गीताबाई हसली नाही. "आबासाहेब, दसऱ्याला परत खेळू. डाव पुरा केला तर मागची खोली द्याल?"

"हरला तरी चालंल. पण डाव घड्याळात संपला पाहिजे, वरच्या पातळीवर. मधीच बंद पडला तर खोली कॅरमवाल्यांना. ते लय दिवसांपासून मागायलेत."

आता गोष्ट सरळ होती. खोली हवी असेल तर मला जास्त वेगाने पळायला हवे होते.

गीताबाईने हे काम पूर्वी कधी केले नव्हते. एका इंग्रजी मासिकात तिने वाचले होते की स्फटिक बदलला की ताल बदलतो. सूर्यभानने सिकंदराबादच्या बाजारातून दोन डब्या आणल्या. एक मला वीसवर नेणारी, दुसरी सोळावर. घाईत तिने आधी वीसची बसवली. पडदा काळाच राहिला. पंखा फिरत होता, पण त्या तालावर मला पहिले पाऊलही टाकता येईना.

"मेला का काय?" सूर्यभानचा आवाज बारीक झाला.

"न्हाई. दम लागलाय त्याला," गीताबाई म्हणाली आणि दुसरी डबी बसवली.

मित्रांनो, तो क्षण मी कधीच विसरणार नाही! सोळाचा ठोका अंगातून गेला आणि पडद्यावर अक्षरे उमटली. जणू बैलगाडीच्या वाटेवरून अचानक रुळावर आलो. नेहमीची कामे मी करत होतो, पण प्रत्येक काम लवकर संपत होते. गीताबाईने टाळी वाजवली.

मग ती शांत झाली. सुरू होणे वेगळे आणि टिकणे वेगळे, हे तिला टायपिंगवरून ठाऊक होते. तिने एक कोडे निवडले. त्यात घोड्याने शह देणे हीच अचूक चाल होती. तेच कोडे ती मला पुन्हा पुन्हा घालू लागली. उत्तर प्रत्येक वेळी तेच यायला हवे. एकदा जरी वेगळे आले, तरी मी भरवशाचा नाही. झाकण उघडेच ठेवून ती मधूनमधून माझ्या पाठीवर बोट टेकवी. गरम होतो, पण चटका बसत नव्हता. अष्टमीचा अख्खा दिवस मी घोड्याचे एकच उत्तर देत राहिलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारे आणि यंत्रे पाटावर मांडली गेली: विळा, सूर्यभानचे पाने, शिलाई मशीन, टाइपरायटर आणि मी. गीताबाईची सासू नर्मदाबाई पूजा करत होती.

"ह्याचं डोकं कुठं हाय रे, सूर्यभान?"

"तो काळा चौकोन, माय. सगळी अक्कल त्याच्यातच."

नर्मदाबाईने ओल्या बोटांनी माझ्या पाठीवर हळद-कुंकू लावले. आजवर एवढ्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. झेंडूची माळ पंख्यावर यायला लागली तेव्हा गीताबाईने ती अलगद बाजूला सरकवली. कुंकवाला मात्र ती काही बोलली नाही.

"आत्याबाई, थोडा वेळ चालवून बघू का?"

"आज हत्यार चालवत न्हाईत, माय. वर्षभर राबतंय, एक दिवस तरी विसावा घेऊ दे त्याला."

गीताबाईने ऐकले. मी विसावा घेतला. पण ओल्या कुंकवाचा एक ओघळ माझ्या कडेने उतरला आणि माझे धातूचे बारीक पाय ज्या खाचेत रोवलेले असतात, तिथे जाऊन बसला. मला ते कळत होते. सांगता येत नव्हते.

दसऱ्याला दुपारी डाव होता. सकाळी गीताबाईने कोडे घातले. पहिले उत्तर बरोबर आले. दुसऱ्या वेळी मी उंट हलवला! तिसऱ्या वेळी पडदा जागीच थिजला.

"म्हणलं व्हतं मी, इतकं पळवू नकू," सूर्यभान म्हणाला. "काढ ती डबी. बारावरच खेळू."

"बारावर वेळ पुरत न्हाई. खोली गेली म्हणून समजा."

तरी तिने सोळाची डबी काढून जुनी बसवली. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. पुन्हा तेच कोडे घातले. आणि बाराच्या तालावरही मी चुकलो!

सूर्यभानने कपाळाला हात लावला. गीताबाईचा चेहरा मात्र उजळला. "अहो, वेगाचा दोष न्हाईच! वेगाचा असता तर आता बरोबर यायला पाहिजे व्हतं. परवापासून दुसरं काय बदललं?"

तिची नजर माझ्या पाठीवर आली. हात पुढे झाला आणि थांबला. पूजेचे कुंकू, तेही दसऱ्याच्या दिवशी, कसे पुसायचे? तिने नर्मदाबाईला हाक मारली आणि चाचरत सगळे सांगितले.

म्हातारीने वाकून पाहिले. "मग पूस की! देवाला रोज आंघूळ घालतो आपण, ह्याला घालायला काय झालं? मला आधी बोलायचं व्हतं, येडे."

गीताबाईने मला खाचेतून उपसले. जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने माझा एकेक पाय पुसला, खाच पुसली आणि मला कागदावर ठेवून अंगणात वाळत घातले. मित्रांनो, मी त्या दिवशी पहिल्यांदा ऊन पाहिले. शेजारी नर्मदाबाई कावळे हाकत बसली होती.

परत सोळाची डबी बसली. घोडा. पुन्हा घोडा. पुन्हा घोडा! जायची वेळ होईपर्यंत घोडाच.

हॉल भरला होता. गाडीला उशीर असलेले प्रवासीसुद्धा दारात उभे होते. आबासाहेब पटापट चाली करत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "चल रे हैदराबादी!" मी पळत होतो. शक्यतांमागून शक्यता तपासत होतो आणि गीताबाई माझी चाल पटावर मांडत होती. या वेळी वजीर फुकट गेला नाही. आबासाहेबांचे बोलणे हळूहळू कमी झाले. ते मिशी चावू लागले.

मग माझ्या घड्याळाचे निशाण उचलले जाऊ लागले; ते पडले की वेळ संपली. पटावर गुंतागुंत होती आणि पडदा बदलत नव्हता.

"बंद पडलं," कोणीतरी म्हणाले.

"विचार करायलंय," गीताबाई म्हणाली. तिने हात मांडीखाली दाबून धरले होते.

मी शेवटची शक्यता तपासली आणि चाल दिली. तिने सोंगटी हलवून घड्याळ दाबले. निशाण पडले नाही! हॉलमध्ये एकच गलका झाला.

त्यानंतर आबासाहेबांनी मला हरवले. स्वच्छ, सुंदर मात. उठताना त्यांनी घाम पुसला.

"हरला, पण मैदान सोडून पळाला न्हाई. लय घाम काढला बेट्यानं." त्यांनी खिशातून किल्ली काढून गीताबाईच्या हातात दिली. "कॅरमवाल्यांना मी सांगतो. माझ्या सुनेचं नाव पहिलं लिवा, बाई."

त्या खोलीत मी कित्येक वर्षे सोळाच्या तालावर काम केले. रेल्वे कॉलनीतल्या मुली माझ्यावर शिकल्या. पुढे माझ्याहून कितीतरी वेगवान भाऊबंद आले आणि मी कपाटातल्या एका खोक्यात गेलो. आता धूळ आहे, अंधार आहे आणि ठोका नाही. त्याची खंत नाही, असे म्हणणार नाही.

मित्रांनो, तुमच्या यंत्राला पळायला जरूर लावा. आम्हालाही ते आवडते. पण ते अडखळले तर लगेच त्याच्या कुवतीवर बोट ठेवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि नीट पाहा. ज्याला सांगता येत नाही, त्याच्याबद्दल शोध घ्यायचे काम तुमचे असते.