आमेनचा डबा

मी आमेनचा डबा बोलतोय. आमेन हे त्याचं खरं नाव नव्हे. कोळशाच्या खाणीत छताला लाकडी टेकू लावायचं त्याचं काम. जेवायला बसला, की माझं झाकण उघडण्याआधी तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. शेवटचा शब्द तेवढा ऐकू यायचा. सोबतच्यांनी तेच नाव पाडलं आणि पुढे मुकादमही हजेरीला तेच पुकारू लागला.

मी जाड पत्र्याचा, कडीचा डबा. आमेनच्या बायकोने दुकानात मला उचललं, कानाशी धरलं आणि टिचकी मारली. "बाई, डबा घेताय की घंटा?" पत्रेवाल्याने विचारलं. ती हसली नाही. सहसा ती हसायचीच नाही. रोज सकाळी माझ्यात पाव, उकडलेली अंडी आणि कांदा ठेवायची. दोघांना पुरेल एवढं.

दुसरा वाटेकरी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. तो आमेनच्याच पाळीत असायचा. देवाशी त्याचं भांडण नव्हतं, ओळखच नव्हती.

"दाजी, आटपा की," तो म्हणायचा. "देवाला ऐकायला एवढा वेळ लागतो?"

"त्याला नाही रे. मलाच बोलायला लागतो."

आमेन फार शिकलेला नव्हता. चर्चमध्ये पाळकांनी काही अवघड सांगितलं, की तो मान डोलवायचा आणि घरी येऊन बायकोला विचारायचा. पण देवाने जे वचन दिलंय ते तो पाळतो, हे त्याने एकदा धरलं ते धरलं. त्यावर वाद घालायचा नाही आणि दुसऱ्याला पटवायलाही जायचा नाही.

एके दिवशी जेवण व्हायच्या आतच छत बसलं. आधी लाकूड कडकडलं, मग सगळीकडे धूळ. धूळ खाली बसली तेव्हा आमेनचा पाय मोडक्या टेकूखाली अडकलेला होता आणि परतीची वाट बंद झाली होती. मेहुणा उभा होता. एक बरगडी दुखतेय, बाकी ठीक आहे, म्हणाला. त्याने टेकू हलवून पाहिला. हलला नाही. मग भिंतीलगतचा हवेचा लोखंडी नळ त्याला सापडला. त्याने मला रिकामं केलं, पाव दाजींच्या हातात दिला आणि बाहेर ऐकू जावं म्हणून माझ्या बुडाने नळावर ठोके मारायला लागला. ठोक्यागणिक मी चेपत होतो. डब्याने तक्रार करावी अशी ती वेळ नव्हती.

बत्ती त्यांनी विझवली. पुढे लागेल म्हणून.

बऱ्याच वेळाने मेहुण्याने विचारलं, "दाजी, तुमचा देव आपल्याला बाहेर काढेल?"

"काढ म्हणून मागतोय मी. पण तसं वचन त्याने दिलेलं नाही. सोडून जाणार नाही, एवढं दिलंय."

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे आत्ता तो इथे आहे?"

"आहे."

"मग त्याला म्हणावं, जरा सरकून बस. जागा कमी आहे."

दोघेही हसले. हसताना मेहुण्याला खोकला आला आणि तो लवकर थांबेना. मग त्याने मला चाचपडत आमेनच्या हातात दिलं. "आता तुम्ही ठोका. मी जरा टेकतो." त्याने डोकं दाजींच्या दंडावर ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मी त्याला कधी हाक मारली नाही हो."

"मी मारतो. तू नुसता ऐक."

आमेन एका हाताने ठोके मारत राहिला आणि प्रार्थना म्हणत राहिला. मधेच त्या दंडावरचा श्वास थांबला. आमेनला ते कळलं असणार, कारण त्याचा आवाज अडखळला. ठोके मात्र थांबले नाहीत. पलीकडून कोणीतरी नळावर उलटे ठोके दिले, तेव्हाही तो ठोकतच होता.

इस्पितळात आमेनचा पाय काढावा लागला. चर्चची मंडळी भेटायला यायची. "देवानेच वाचवलं हो तुम्हाला!" म्हणायची. आमेन तोंड भिंतीकडे करायचा.

एका दुपारी सगळे गेल्यावर बायको खाटेशी आली. भावाला पुरल्यापासून ती रडली नव्हती आणि चर्चलाही गेली नव्हती. "तुम्हाला वाचवलं म्हणतात," ती म्हणाली. "मग माझ्या भावाचं काय केलं त्याने? त्याचं वचन कुठे गेलं?"

"मला माहीत नाही गं."

"माहीत नाही म्हणजे?"

"तो का गेला ते माहीत नाही. पण तो एकटा नव्हता. आम्ही दोघेच होतो असं मला तिथे एकदाही वाटलं नाही. तेवढंच मी सांगू शकतो." मग त्याने तिला सांगितलं, तिचा भाऊ देवाला सरकून बस म्हणाला होता ते.

ती आधी हसली. चक्क मोठ्याने. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने वळून पाहिलं. आणि हसता हसताच तिला जे रडू फुटलं, ते संध्याकाळपर्यंत आवरलं नाही. आमेन तिचा हात धरून पडून होता. त्याने समजूत घातली नाही.

पुढच्या रविवारी ती चर्चला गेली. प्रश्न सुटला म्हणून नव्हे. तो तिने बरोबरच नेला.

आता आमेन खाणीच्या तोंडाशी बत्त्या तपासायला बसतो. घर जवळच, त्यामुळे त्याला डबा लागत नाही. मला ती वापरते. खाणीतून कोणी परतलं नाही, की मला भरून त्या घरी जाते. धीर धरा, सगळं ठीक होईल, असलं काही सांगत नाही. शेजारी बसून राहते. कोणी विचारलंच, तर देव सोडून जात नाही एवढंच म्हणते.

माझी कडी आता सैल झाली आहे. फार वर्षं काही मी टिकणार नाही. तरी एक मागणं आहे. चेपलेला डबा घेऊन ती तुमच्या दारात आली, तर काय काम म्हणून विचारू नका. आत घ्या तिला. पाव सकाळचाच असतो.